विचारतां येणारें ज्ञान

एखादी गोष्ट ज्ञात आहे असें आपण केव्हां म्हणावें? ती कोणीं तरी लिहून ठेविली एवढ्यानें ज्ञात झाली काय? ब्रिटनमधील कारखाना-निरीक्षिका ल्यूसी डीन यांनीं १८९८ सालीं ॲस्बेस्टॉसच्या धुळीचा धोका अहवालांत नमूद केला. १९३१ सालीं कांहीं नियम झाले. पूर्ण बंदी मात्र १९९९ सालीं आली. मधल्या शंभर वर्षांस अज्ञानाचा काळ म्हणणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं.

हाच प्रश्न आज नॅनोद्रव्यांपुढें उभा आहे. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. सामान्यतः १ ते १०० नॅनोमीटर मापाच्या कणांस हें नांव देतात. २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत लांब कार्बन-नलिकांनीं उंदरांच्या पोटाच्या पोकळींत ॲस्बेस्टॉससारखा दाह उत्पन्न केला. आंखूड किंवा गुंतलेल्या नलिकांनीं तसा केला नाहीं. म्हणजे नुसतें नांव पुरत नाहीं. लांबी, पृष्ठभाग, प्रयोगाची रीत हें सर्व सांगावें लागतें. आणि हें सर्व तर ज्याच्या त्याच्या टिपणांत, ज्याच्या त्याच्या परिभाषेंत पडून राहतें!

युरोपांत २०१४ ते २०१७ या काळांत चाललेल्या ‘ई-नॅनोमॅपर’ प्रकल्पानें समान परिभाषा ठरवून ही माहिती एकत्र आणण्याचा उद्योग केला. ‘सिमँटिक वेब’च्या पद्धतींत प्रत्येक माहिती त्रिपदी विधानांत मांडितात: अमुक नलिका, तिची लांबी, तिचें माप. अशीं विधानें परस्परांस जोडलीं म्हणजे ‘स्पार्कल’ नामक प्रश्नभाषेंत विचारतां येतें, ‘इतक्या लांबीच्या नलिकांचा पेशींवरील परिणाम कोणीं तपासला?’ मिळालेलें उत्तर आलेखरूपानें डोळ्यांपुढें मांडतां येतें.

येथेंच विवेकाची कसोटी लागते. आलेखांतील मोकळी जागा हा निर्धोकतेचा दाखला नव्हे. ‘कांहीं आढळलें नाहीं’ आणि ‘कोणीं पाहिलेंच नाहीं’ यांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे. त्या जागेपाशीं थांबावयाचें कीं माल बाजारांत लोटावयाचा, हें यंत्र ठरवीत नाहीं. आणि लोटला, तर ती धूळ हुंगतो मजूर, आलेख पाहणारा नव्हे.

म्हणून संशोधकाचें कर्तव्य शोध लागल्यावर संपत नाहीं. तो दुसऱ्यास विचारतां येईल अशा रीतीनें मांडणें हा त्याचाच भाग होय. आणि ज्यांच्या हातीं निर्णय आहे त्यांस ‘आम्हांस ठाऊक नव्हतें’ ही सबब यापुढें शोभणार नाहीं. विचारणें शक्य असतां न विचारणें याला अज्ञान म्हणत नाहींत. तो कर्तव्यलोप होय.