पिकू दे

आजीच्या डोळ्याचा एक स्क्रीनशॉट माझ्या फोनमध्ये आहे. डिसेंबरमधला. व्हिडिओ कॉलवर ती फोन अगदी तोंडाजवळ धरते, म्हणून उजव्या डोळ्याची बाहुली खडूसारखी पांढरी झालेली त्यात स्वच्छ दिसते. "मोतीबिंदू पार पिकलाय," असं लिहून मी तो मित्राला पाठवला आणि परत अभ्यासाला बसलो.

आम्ही तेलगावचे. गावाला साखर कारखाना आहे, तरी दिवाळी झाली की आई-बाबा लांब, पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. मी पुण्यात स्पर्धा परीक्षा करतो. घरी आजी एकटी. ऑपरेशनचा विषय काढला की म्हणायची, "पिकू दे की अजून. मला आता काय बघायचं राहिलंय?"

पूर्वी शस्त्रक्रियेसाठी मोतीबिंदू पिकायची वाट बघत. आता तशी गरज नसते, उलट धोका असतो. फार पिकलेल्या भिंगातली प्रथिनं पातळ होऊन झिरपतात आणि डोळ्यातलं पाणी बाहेर नेणारी बारीक जाळी तुंबते. कधी भिंगच फुगून ती वाट दाबतं. आतला दाब चढतो. हाही काचबिंदूच. मोतीबिंदूनं गेलेली नजर ऑपरेशननं येते, पण दाबानं मेलेली नस परत येत नाही.

जानेवारीत तिचं डोकं ठणकू लागलं, डोळा लालभडक, वर उलट्या. शेजारणीनं पित्ताची गोळी दिली. सहा दिवस तिनं कुणालाच फोन केला नाही. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयातल्या डॉक्टरांनी १९९६ साली अशा ९३ रुग्णांचा अभ्यास छापला होता. पाच दिवसांहून जास्त उशीर झालेल्यांची नजर वाचण्याची शक्यता बरीच कमी, असं त्यात दिसलं. हे मी नंतर वाचलं. भिंग काढलं, दाब उतरला, पण उजव्या डोळ्याला आता फक्त उजेड कळतो.

नातेवाईक म्हणतात, तिचीच इच्छा नव्हती. म्हाताऱ्या माणसाच्या इच्छेचा मान राखावा, हे मलाही पटतं. पण तिचं 'नको' कशाचं बनलं होतं? आई फडावरून आली असती तर रोजचा खाडा कापला गेला असता. मी आलो असतो तर क्लास बुडला असता. हा हिशेब तिनं मनात कधीच केला होता, आणि उत्तर आमच्या सोयीचं निघालं, म्हणून कुणी तपासलं नाही. ऑपरेशन सरकारी दवाखान्यात फुकट होतं, म्हणजे पैशाचीही सबब नव्हती. सोशिक म्हणून तिचं कौतुक मीच किती वेळा केलंय! त्या कौतुकाची आता जरा लाज वाटते.

डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू आहे. परवा मी तारीख घेतली, मंगळवारची. फोनवर सांगितलं तर तिनं आधी विचारलं, "खाडा कुणाचा पडंल?"

"माझा," म्हणालो.

"मग पुढल्या महिन्यात बघू," ती म्हणाली. मी सोमवारच्या रात्रीच्या एसटीचं तिकीट काढलंय.