तिरकी नजर

अवधूताच्या चोवीस गुरूंत आकाशही आहे. मला त्याचा पाठ दुर्बिणीतून मिळाला. दत्तजयंतीला नाही हं, पौर्णिमेच्या उजेडात अंधुक तेजोमेघ हरवतात. अवसेच्या सुमारास २०-३० मिनिटं डोळे अंधाराला सरावले, की वृषभ राशीतला खेकडा तेजोमेघ शोधायचा. इ.स. १०५४ मध्ये चीनमध्ये नोंदवलेल्या ताऱ्याच्या स्फोटाचा तो अवशेष. थेट रोखून पाहिलं तर तो नाहीसा होतो. नजर किंचित बाजूला नेली की धुरकट ठिपका उमटतो. कारण डोळ्याच्या पडद्याच्या ऐन मध्यावर मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात.

समाधानाचंही असंच असेल का? जप करताना ‘मिळालं का?’ म्हणून चाचपलं की ते पळतं. पंगतीत वाढताना मात्र हळूच जाणवतं. मग शोधूच नये? तसंही नाही. दुर्बीण नेमकी तिथंच लावावी लागते. नित्यनेम बुडवणाऱ्यांनी ही पळवाट समजू नये!