कुळाची चौकशी

बुद्धिबळें खेळणाऱ्या संगणकी आज्ञावल्या आतां शेंकडों झाल्या आहेत, आणि त्यांची प्रतवारी लावण्याचें काम कांहीं हौशी लोक पदरमोड करून करतात. आज्ञावल्यांना एकमेकींशीं लढवावयाचें, निकालांवरून प्रत्येकीला गुणांक द्यावयाचा आणि यादी प्रसिद्ध करावयाची. गुणांकाची ही पद्धति आर्पाद एलो यांची. १९७० सालीं जागतिक बुद्धिबळ संघटनेनें ती माणसांकरितां स्वीकारली. १०० डाव खेळविले तरी गुणांकांत ५०-६० गुणांची चूक राहूं शकते, म्हणून एकेकीला शेंकडों डाव द्यावे लागतात. आणि यंत्रांचा वेळ तर मोजकाच. तेव्हां यादींत कोणाला घ्यावयाचें, हें आधीं ठरवावें लागतें. खेळतां खेळतां मध्येंच बंद पडणारी आज्ञावली वगळली तर कोणाची तक्रार नसते. वाद माजतो तो निराळ्याच कसोटीवरून: ही स्वतंत्र आहे, कीं दुसरीची नक्कल?

सकृद्दर्शनीं ही चौकशी गैर वाटते. खेळणाऱ्याचा खेळ पाहावा, कूळ कशाला? रत्नागिरीच्या माणसाला तर हा आक्षेप विशेष झोंबावा. १९३१ सालीं येथें पतितपावन मंदिर उभें राहिलें, तें जन्मावरून माणसाची पायरी ठरवूं नये म्हणूनच. मग तोच न्याय आज्ञावलीला कां नको?

मला वाटतें, उत्तर याच गांवच्या बाजारांत आहे. परप्रांतींचा आंबा रत्नागिरी हापूस म्हणून विकला जातो, अशी ओरड उन्हाळ्यांत होतेच. तो आंबाहि कधीं कधीं खरोखर गोड असतो! २०१८ सालीं कोकणच्या पांच जिल्ह्यांतील हापूसला भौगोलिक मानांकन मिळालें, तें केवळ गोडीसाठीं नव्हे. ज्यानें कातळ फोडून कलम जगविलें त्याचें नांव दुसऱ्यानें विकूं नये, यासाठींहि. आंबा बिचारा निरपराधी. खोटें बोलते ती पेटी. माणूस आपला जन्म निवडीत नाहीं. आज्ञावली मात्र कोणीतरी लिहिलेली असते आणि 'ही माझी' असें कोणीतरी म्हणत असतो. चौकशी व्हावयाची ती त्या म्हणण्याची.

'रिब्का' ही आज्ञावली २००७ ते २०१० जगज्जेती होती. २०११ सालीं आंतरराष्ट्रीय संगणक-खेळ संघटनेनें, तींत 'फ्रूट' व 'क्राफ्टी' यांतील लेखन उचललें आहे असा निर्णय देऊन तीं पदें काढून घेतलीं. उलट २००८ सालचा 'स्टॉकफिश' हा 'ग्लॉरुंग'च्या पायावर उभा राहिला, आणि तसें त्याच्या कर्त्यांनीं उघड सांगितलें. (नांवाचा अर्थ सुकविलेला मासा, मिरकरवाड्याला त्यांत नवल वाटूं नये.) त्याला कोणीं चोर म्हटलें नाहीं.

तरीहि रेषा कोठें ओढावी हें अवघड आहे. सगळेच एकमेकांपासून शिकतात. शिकणें कोठें संपतें आणि उचलणें कोठें सुरू होतें? माझें मत असें, कीं उचललेल्या आज्ञावलीचा गुणांक खुशाल मोजावा, कारण तिचें बळ खरें आहे. पण तो मूळ कर्त्याच्या नांवासह छापावा. रांगेंत मात्र ती मागें राहावी. एकाच आज्ञावलीच्या दहा नकला दारांत शिरल्या, तर एखाद्या विद्यार्थ्यानें रात्री जागून स्वतः लिहिलेली दुबळी आज्ञावली बाहेरच ताटकळते. तिचे १०० डाव आधीं खेळवावे. त्यांतील नव्वद ती हरेल, आणि आपण कितव्या पायरीवर आहों हें त्या मुलाला प्रथमच कळेल.