अरण्याचा उंबरठा

बिदरच्या झरणी नरसिंहाचे दर्शन ज्यांनी घेतले आहे, त्यांना त्या वाटेचे वर्णन सांगावयास नको. डोंगराच्या पोटातील सुमारे ३०० मीटर लांबीच्या भुयारातून, छातीपर्यंत येणाऱ्या पाण्यातून, माथ्यावर लोंबकळणाऱ्या वटवाघळांखालून चालत जावे लागते. शेवटी देवापुढे जागा इतकी थोडी की, मूठभर माणसे उभी राहिली म्हणजे मागच्यांनी पाण्यातच थांबावे. आम्ही एकदा गेलो तेव्हा आमच्या पुढे लातूरकडचे एक मोठे कुटुंब होते. मागून रेटारेटी सुरू होताच त्यांतील आजीबाई वळून म्हणाल्या, "सावकाश या बाबांनो, देव कुठं पळून जात नाही." सर्वजण हसले, आणि थांबलेही.

त्या भुयाराला आपली मर्यादा स्वतःच सांभाळता येते; तेथील खडक कोणाची भीड धरीत नाही. अरण्याला मात्र भिंत नसते. बिदरहून दक्षिणेस कलबुर्गी जिल्ह्यात उतरले म्हणजे चिंचोळीचे रान लागते. या मुलखाची ओळख काळी जमीन आणि तुरीची शेते एवढीच असलेल्यांना ते रान पाहून आश्चर्य वाटते. २०११ साली त्यातील सुमारे १३५ चौरस किलोमीटर क्षेत्र अभयारण्य म्हणून जाहीर झाले. लांडगा, तरस, कोल्हा यांचे ते घर होय. पावसाळ्यात चंद्रमपल्लीचे धरण भरले आणि एत्तिपोताचा धबधबा कोसळू लागला की तेथे माणसेही लोटतात. मग प्रश्न उभा राहतो: अरण्यात किती माणसांनी जावे?

हा प्रश्न मोजमापाचा आहे, असे प्रथमदर्शनी वाटते. अमेरिकेतील वनशास्त्रज्ञांनाही तसेच वाटले होते. एका कुरणावर किती जनावरे पोसतील याचा हिशेब असतो, तसाच माणसांचा मांडता येईल, या कल्पनेने जे. अ‍ॅलन वॅगर यांनी विचारास आरंभ केला. परंतु १९६४ सालच्या आपल्या प्रबंधात ते या निर्णयास आले की, केवळ जमीन आणि झाडे तपासून तो आकडा निघत नाही. आपणांस काय राखावयाचे आहे, हे आधी ठरवावे लागते. पुढे १९८५ साली तेथील वनखात्याच्या संशोधकांनी "किती माणसे?" हा प्रश्नच बाजूस सारला आणि "किती बदल आपण चालवून घेणार?" असा नवा प्रश्न मांडला. म्हणजे शास्त्राने मोजपट्टी हाती घेऊन जो प्रवास सुरू केला, तो नीतीच्या दाराशी येऊन थांबला.

या संशोधनातील एक गोष्ट आम्हांस विशेष बोचली. न तुडवलेल्या गवतावर पहिली काही पावले पडतात, तीच सर्वांत अधिक नाश करतात. एकदा वाट मळली की पुढची शेकडो माणसे त्या मानाने फारशी भर घालीत नाहीत. यास्तव गर्दी रानभर पांगवण्यापेक्षा ती मळलेल्या वाटेवरच ठेवणे बहुधा हितावह ठरते. याचा अर्थ असा की, गर्दीला नाके मुरडून "कोणी न पाहिलेली जागा" शोधीत हिंडणारा रसिक, ज्याला आपण अरण्याचा खरा प्रेमी समजतो, तोच कित्येकदा अधिक घातक असतो. देवराईतील वाळकी काटकीही न उचलणारे आमचे पूर्वज या शास्त्रापासून फार दूर नव्हते.

तर मग उंबरठ्यावर कोणी पहारा करावा, आणि कोणाला अडवावे? येथे आमच्यातला वकील जागा होतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २८ व्या कलमात अभयारण्यात प्रवेशाची परवानगी कोणत्या कारणांसाठी द्यावी हे सांगितले आहे: अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन, आणि तेथे राहणाऱ्यांशी कायदेशीर व्यवहार. परवानगीला शुल्क आहे. पर्यटकाने ते भरले की त्याचा आजा कोण होता, हे कोणी विचारीत नाही. आता चिंचोळीच्या परिसरातील लंबाणी तांड्यांकडे पाहा. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये अनुसूचित जमातीच्या कुटुंबाने १३ डिसेंबर २००५ पूर्वीची वहिवाट दाखवली म्हणजे पुरते. इतरांनी मात्र तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, पुरावा आणावयाचा. पलीकडे तेलंगणात लंबाड्यांची गणना अनुसूचित जमातीत होते, अलीकडे कर्नाटकात त्यांच्याच सोयऱ्यांची अनुसूचित जातीत. सबब अलीकडच्या बाईने पाऊण शतकाचा कागद शोधावा, आणि सहलीच्या मोटारीने खिडकीतून पैसे देऊन आत जावे! जिची चूल त्या रानावर पेटते तिला शेवटच्या रांगेत उभे करणारी मर्यादा आम्हांस न्याय्य वाटत नाही.

मर्यादेविषयी संशय बाळगण्याचे आपणां देवळाच्या माणसांना तर खास कारण आहे. आपल्या उंबरठ्यांनी संख्या कधी अडवली नाही, माणूस अडवला. पंढरीचे दार सर्वांना मोकळे व्हावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना प्राण पणाला लावावे लागले. तेव्हा अरण्याच्या दारावर जो नियम येईल, तो वर्तनावर आणि संख्येवर असावा. जातीवर नसावा, तसा थैलीवरही नसावा. तांड्याचा हक्क आधी, आणि नंतर यात्रेकरू व पर्यटक एकाच रांगेत.

यावर आमचे एक धर्मनिष्ठ स्नेही रागावले. "देवाला जायचं तर चिठ्ठी कसली घ्यायची?" असे ते म्हणाले. त्यांचा राग आम्ही समजू शकतो. परंतु राजस्थानातील सरिस्का व्याघ्रप्रकल्पात पांडुपोळच्या हनुमंताकडे धावणाऱ्या खाजगी गाड्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तो भक्तीमुळे गेला नाही, गाड्यांमुळे गेला. झरणीच्या पाण्यात उभे राहून आपली पाळी येण्याची वाट आमच्या याच स्नेह्यांनीही पाहिली आहे.

आणि आम्ही तरी कोण मोठे? अभयारण्य होण्यापूर्वीची गोष्ट. चंद्रमपल्लीस गेलो असता उन्हाचा चटका चुकवावा म्हणून रस्ता सोडून आम्ही आमची गाडी गवतातून एका झाडाखाली नेली. चाकांच्या दोन रेघा उमटल्या. त्या आम्ही पाहिल्याही. तीन वर्षांनी पुन्हा गेलो, तेव्हा त्या रेघांची वाट झाली होती आणि झाडाखाली पाच गाड्या उभ्या होत्या. गवत नव्हते. त्यांपैकी एका गाडीतल्या मुलाने अदबीने आपली गाडी थोडी मागे घेतली आणि म्हटले, "या काका, सावलीत जागा आहे."