गप्प बसणाऱ्याचं खातं

माणसाला आयुष्यात काही ना काही पद हवं असतं. पूर्वी गावात पदं मोजकी. पोलीसपाटील, सरपंच, सोसायटीचा चेअरमन आणि गणेश मंडळाचा अध्यक्ष. त्यातलं एखादं पदरात पाडून घ्यायला निवडणूक, भांडण, निदान घसघशीत वर्गणी तरी लागे. आता खिशात फोन आणि फोनात चार माणसांचे नंबर असले की कुणीही बसल्या जागी ॲडमिन होतो. ना अर्ज, ना अनामत रक्कम. आमच्या शाखेतल्या काही मंडळींना बढतीच्या परीक्षेला तीन-तीनदा बसून जे साधलं नाही, ते असं एका बोटानं साधतं.

गोंदियाला लोक तांदळाचं शहर म्हणतात. पण इथे राइस मिल जास्त की व्हॉट्सॲपचे ग्रुप जास्त, अशी कुणी मोजदाद केलीच तर राइस मिल पहिल्या फेरीत बाद होतील. मी स्वतः २३ ग्रुपांत आहे. शाखेचा ग्रुप, युनियनचा ग्रुप, युनियनवर नाराज असलेल्यांचा ग्रुप, बी.कॉम.च्या बॅचचा ग्रुप, कॉलनीतल्या नळाच्या पाण्याचा ग्रुप. एक ग्रुप माझ्या साळ्याच्या लग्नासाठी काढला होता. लग्नाला सहा वर्षं झाली, पोरगा बालवाडीत जायला लागला, तरी ग्रुप अजून 'लग्नाची तयारी' याच नावानं चालू आहे.

इतकी माणसं रोज इतकं बोलायला लागली की एक जुनाच प्रश्न नव्यानं डोकं वर काढतो. चारचौघांत कुणी वाईट बोललं तर पाप कुणाचं? बोलणाऱ्याचं, हे उघड आहे. पण ऐकून गप्प बसणाऱ्याचं काय? आणि ज्यानं ही चारचौघं गोळा केली त्याचं काय?

तुम्ही म्हणाल, बँकेतल्या कारकुनानं पासबुकं छापावीत, पाप-पुण्याच्या नोंदी कशाला कराव्यात? (खरं तर आता आम्हाला कारकूनही म्हणत नाहीत, 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' म्हणतात. काउंटरवरची गर्दी मात्र पूर्वीसारखीच 'ओ भाऊ' म्हणते.) पण हा प्रश्न मी काढलेला नाही. तो चांगला हायकोर्टापर्यंत जाऊन आला आहे, आणि गेला होता तो आमच्याच गोंदिया जिल्ह्यातून.

झालं असं. २०१६ साली जिल्ह्यातल्या एका ग्रुपवर एका सभासदानं ग्रुपमधल्याच एका महिलेबद्दल घाणेरडे शब्द लिहिले. तिनं पोलिसांत तक्रार केली आणि गुन्ह्यात ॲडमिनलाही ओढलं गेलं. म्हणणं असं, की यानं त्या माणसाला ग्रुपमधून काढलं नाही, माफी मागायला लावलं नाही, उलट मी काय करणार म्हणून हात वर केले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेलं. मार्च २०२१ मध्ये न्यायमूर्ती झेड. ए. हक आणि न्यायमूर्ती अमित बोरकर यांनी ॲडमिनवरचा खटला रद्द केला. त्यांनी सांगितलं की ॲडमिनला माणूस आत घेता येतो आणि बाहेर काढता येतो. आतला माणूस काय लिहिणार, हे त्याला आधी कळत नाही आणि आधी अडवताही येत नाही. दोघांचा मिळून बेत होता असं दिसलं तर गोष्ट वेगळी. नाहीतर ज्यानं लिहिलं त्यानं भोगावं.

बी.कॉम.ला आम्ही व्यापारी कायदा घोकला होता. १८७२ च्या करार कायद्याचं १२८ वं कलम सांगतं की जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. म्हणून आमच्या बँकेत जामीनदाराइतका दुःखी प्राणी दुसरा नाही. ट्रॅक्टर घेतो एक, चालवतो त्याचा भाऊ, आणि नोटीस येते ती ट्रॅक्टरच्या पूजेला पेढा खाऊन ज्यानं सही केली त्याला. ॲडमिन हा असा जामीनदार नव्हे, असा त्या निकालाचा मी माझ्यापुरता अर्थ लावला. निकाल बरोबरच आहे. उलट लागला असता तर दुसऱ्या दिवशी अर्ध्या गोंदियानं राजीनामे दिले असते आणि उरलेला अर्धा वकील शोधत फिरला असता.

पण कायद्याच्या वहीतून नाव गेलं म्हणजे सगळ्याच वह्यांतून गेलं असं होत नाही. आम्ही कर्ज राइट-ऑफ करतो तेव्हा लोकांना वाटतं, सुटला लेकाचा. तसं नसतं. आमच्या ताळेबंदातून ती रक्कम जाते, कर्जदाराचं देणं तसंच राहतं आणि वसुलीवाले जातच राहतात. ॲडमिनचं काय, ग्रुपमधल्या प्रत्येकाचंच एक असं राइट-ऑफ झालेलं खातं असावं, असा मला दाट संशय आहे.

आता पुढे ढकलणाऱ्याचंच घ्या. १८८१ च्या कायद्याप्रमाणे चेक दोन तऱ्हेचे. ऑर्डर चेक दुसऱ्याला द्यायचा तर पाठीमागे सही करावी लागते. उद्या चेक वटला नाही तर त्या सहीवरून पकडता येतं. बेअरर चेक नुसता हातोहात जातो. फॉरवर्ड केलेला मेसेज हा असा बेअरर चेक आहे. कुणाची सही नाही, कुणाचा अंगठा नाही. कुणी जाब विचारलाच तर उत्तर तयार असतं, "मी नाही बा लिहिलं, जसं आलं तसं पाठवलं." म्हणजे वटला तर आपला, नाही वटला तर काकाचा.

राईनपाड्याला काय झालं ते आठवून बघा. धुळे जिल्हा, साक्री तालुका, १ जुलै २०१८, बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं भिक्षा मागत तिथे आली होती. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे मेसेज त्या दिवसांत फोनाफोनांतून फिरत होते. लोकांनी यांनाच ती टोळी समजून मारलं. पाचही जण गेले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं अशा मेसेजवर 'फॉरवर्डेड' अशी पाटी लावायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. त्या मेसेजवर सही कुणाची होती? कुणाचीच नाही. आणि तो वाचून 'हे खोटं दिसतंय' असं मनात म्हणणारं एकही माणूस त्या सगळ्या फोनांच्या मागे नव्हतं, असं मला वाटत नाही. इथे मला विनोद सुचत नाही, म्हणून पुढे जातो.

गप्प बसणं काही व्हॉट्सॲपनं आणलेलं नाही. पारावरही लोक गप्प बसत. पण पारावरच्या गप्प बसण्याला तोंड होतं. कुणी एखाद्याच्या लेकीसुनेबद्दल वेडंवाकडं बोललं की एक म्हातारा खाकरायचा. दुसरा तंबाखू मळता मळता थांबायचा. तिसरा "चल गा, धानाला पाणी सोडायचं हाये" म्हणून धोतर झटकून उठायचा. शब्द एक नाही, पण बोलणाऱ्याला आपण कुठवर आलो ते कळायचं. आणि ज्याच्याबद्दल बोललं जाई त्यालाही कळायचं, की उठून गेलेला आपला आहे.

ग्रुपवरच्या गप्प बसण्याला मात्र तोंडच नाही. दोन वर्षं खातेदारानं व्यवहार केला नाही की आम्ही खातं निष्क्रिय ठरवतो. तो रागावला, दुबईला गेला की देवाघरी गेला, हे लेजरला कळत नाही. तसंच हे. दोनशे माणसं गप्प आहेत. त्यातली किती संतापून गप्प, किती मजा बघत गप्प, किती भाजी निवडताहेत म्हणून गप्प? निळी खूण सगळ्यांची सारखीच निळी. मौन म्हणजे संमती असं आपल्याकडे म्हणतात. पण ज्यानं हे म्हणून ठेवलं त्यानं समोरासमोरचं मौन पाहिलं होतं.

आमच्या सौ.च्या भिशीचा ग्रुप आहे. २१ बायका. त्यातली एक नवऱ्याचं घर सोडून मुलीला घेऊन माहेरी राहायला आलेली, एका पतसंस्थेत कामाला लागलेली. भिशीत तिचा नंबर पुढच्या महिन्यात लागायचा होता, आणि त्या पैशांवर मुलीच्या शाळेची फी अवलंबून होती. एका दुपारी दुसरीनं ग्रुपवर लिहिलं, "काही जणींना संसार जमत नाही, स्टेटसला मात्र रोज नवीन फोटो." खाली हसून लोळणारे चार पिवळे चेहरे. नाव कुणाचं नाही, पण पत्ता बरोबर.

सौ.नं लिहिलं, "हे बरं नाही. ती इथेच आहे, वाचते आहे."

त्यावर एकदम शांतता. आणि मग त्या शांततेवर पांघरूण घालायला साडेतीन वाजता, म्हणजे भर दुपारी, कुणीतरी गुलाबाच्या फुलासकट 'शुभ रात्री' टाकलं. लगेच पाच जणींनी शुभ रात्री केलं. सूर्याचा काही इलाज चालला नाही.

संध्याकाळपर्यंत सौ.ला खासगीत सात मेसेज आले. "ताई, बरं केलं." "माझ्या मनातलं बोललात." "अशांना असंच पाहिजे." मी हिशेबाचा माणूस. २१ मधून लिहिणारी वजा, जिच्याबद्दल लिहिलं ती वजा, सौ. वजा. राहिल्या १८. त्यातल्या सात जणी बाजूनं. बहुमत नाही, पण एवढ्या संख्येत लोक नगरपरिषदा चालवतात. मग या सात जणींनी ग्रुपवर का लिहिलं नाही? सौ.नं त्यातल्या एकीला विचारलं. ती म्हणाली, "मला वाटलं, कोणीतरी लिहील." सातही जणींना तेच वाटलं असणार. 'कोणीतरी' नावाच्या बाईला या भिशीत घेतलेलंच नव्हतं, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

गुप्तदानाला आपल्याकडे मोठं पुण्य मानतात. पण भुकेल्या माणसाला जेवू घालायचं ते त्याच्या ताटात वाढावं लागतं, शेजाऱ्याच्या कानात सांगून भागत नाही. त्या पोरीला काय दिसलं? एक ओळ वाईट, एक ओळ बरी, आणि १८ जणींचं गप्प बसणं. त्या अठरात आपल्या सात आहेत, हे तिला कळायला मार्ग नव्हता. रात्री ती ग्रुपमधून निघून गेली. ती गेल्याची ओळ फक्त ॲडमिनला दिसली, तेवढीच.

ॲडमिनबाई यात काय करत होत्या, असं तुम्ही विचाराल. न्यायालयानं निकाल दिला तेव्हा ॲडमिनच्या हातात आत घेणं आणि बाहेर काढणं एवढंच आहे असं धरलं होतं. पण २०२२ साली व्हॉट्सॲपनं ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांच्या फोनातून पुसायची सोय दिली. म्हणजे खोडरबर आलं. तेव्हा 'माझ्या हातात काय आहे' हे आता पूर्वीच्या जोमानं म्हणता येत नाही. आमच्या ॲडमिनबाईंनी हे खोडरबर वापरलं, नाही असं नाही. त्यांनी तो टोमणा पुसला आणि शेजारची सौ.ची ओळही पुसली. खाली लिहिलं, "वाद नको, आपण सगळ्या बहिणी." आम्ही याला रिव्हर्सल एंट्री म्हणतो. जमा गेली, नावे गेलं, बाकी शून्य. फरक इतकाच की आमच्या लेजरात उलटवलेली नोंदही दिसत राहते, त्यामुळे ऑडिटर विचारू शकतो.

पुढच्या महिन्यात भिशीचे पैसे घेऊन सौ. स्वतः तिच्या घरी गेली. चहा झाला. मुलीचं नवं दप्तर बघून झालं. ग्रुपचा विषय दोघींनी काढला नाही. दारापर्यंत सोडायला आल्यावर तिनं विचारलं, "वहिनी, बाकी सगळ्यांना तसंच वाटतं का?"

सौ.कडे सात जणींचे मेसेज होते, पण ते खासगीत आलेले. एका खातेदाराची गोष्ट दुसऱ्याला सांगायची नाही, हा नियम बँकेचा असला तरी बायकाही तो पाळतात, निदान अडचणीच्या वेळी. तिनं नावं सांगितली की नाही, हे मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तिनं मला दळण आणायला पाठवलं.

तसा सगळ्यांत जुना ग्रुप हस्तिनापूरचाच. ॲडमिन धृतराष्ट्र, त्याला मेसेज दिसत नव्हते ही सबब त्याच्याकडे होती, पण ऐकू येत होतं. भीष्म, द्रोण असे भारी सभासद, सगळ्यांच्या खुणा निळ्या. विदुर बोलला, पण तो नेहमीच बोलायचा, म्हणून त्याला कुणी धरत नसे. आणि कौरवांतलाच एक पोरगा, विकर्ण, उठून म्हणाला की हे चुकतंय.

माझ्या आजोळी, अर्जुनी मोरगावकडे, दिवाळीनंतरच्या मंडईला गावातली पोरं नाटक बसवत. झाडीपट्टीतली नाटकं रात्री सुरू होतात आणि कोंबडा आरवल्यावर संपतात. एका वर्षी द्यूतसभा होती. दुःशासनाच्या कामासाठी दोघांत मारामारी झाली. भीष्माची दाढी नागपूरहून भाड्यानं आणली होती. विकर्णाचं काम मात्र कुणालाच नको, कारण भाषण चार वाक्यांचं आणि पोशाख घरून आणायचा. शेवटी ते शिंप्याच्या पोराच्या गळ्यात पडलं. त्यानं महिनाभर बैलांसमोर ती चार वाक्यं घोकली. प्रत्यक्ष नाटकात दुःशासनाच्या एंट्रीलाच असा काही रंग भरला की पब्लिकनं तीनदा वन्स मोअर घेतला. प्रत्येक वेळी द्रौपदीला विंगेत जाऊन पुन्हा केसांना धरून यावं लागलं. वेळ हाताबाहेर गेला, पूर्वेकडे फटफटायला लागलं. तेव्हा नाटक बसवणारे मास्तर विंगेत आले आणि मिशा लावून, कमरेला लाकडी तलवार बांधून उभ्या असलेल्या पोराला म्हणाले, "तुझं राहू दे गा आता. लोकायला घरी जायचं हाये."