कोऱ्या रकान्यातली माणसे

टर्मिनलवर पीएसक्यूएल हा डेटाबेसला प्रश्न विचारायचा प्रोग्राम उघडला की डेटाबेसचे नाव आणि पुढे एक छोटी खूण दिसते. तो डेटाबेस मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये असेल, नाहीतर सिंगापूरच्या. कुठल्या डिस्कवर आहे हे विचारणाऱ्याला ठाऊक नसते आणि त्यावाचून अडतही नाही. ही मोकळीक एडगर कॉड यांची देणगी. माहिती आत कशी रचली आहे याचा भार वापरणाऱ्यावर नको, असे आयबीएममधल्या या गणितज्ञाने १९७० मध्ये मांडले. काय हवे ते आपण सांगायचे, कसे शोधायचे ते यंत्राने ठरवायचे. क्लाउडमुळे तर यंत्रही नजरेआड गेले. आपल्या हाती उरला तो प्रश्न, आणि त्याची जबाबदारी मला फार मोठी वाटते.

समजा, एका आरोग्य शिबिराच्या नोंदी तिथे आहेत. गाव सातारा असलेल्यांची यादी मागितली, आली. सातारा नसलेल्यांची मागितली, तीही आली. पण दोन्हींची बेरीज एकूण नोंदींपेक्षा कमी भरते. ज्यांच्या गावाचा रकाना 'नल', म्हणजे कोरा आहे, ती माणसे दोन्ही याद्यांतून गळाली! डेटाबेसचा यात दोष नाही. गावच माहीत नसेल तर ते सातारा आहे की नाही, हे तो कसे सांगणार? 'हो' आणि 'नाही' यांच्याखेरीज 'माहीत नाही' हे तिसरे उत्तर त्याच्याकडे असते, आणि क्वेरीतली 'व्हेअर'ची अट फक्त 'हो'ला आत घेते.

हा रकाना कोरा कुणाचा राहतो? ऊसतोडीसाठी सहा महिने फिरतीवर असणाऱ्याचा. ज्यांचा अर्ज दुसऱ्याने घाईत, काही न विचारता भरला, त्या आजींचा. ज्यांच्यापर्यंत शिबिराने आधी पोहोचायला हवे, त्यांचाच पुष्कळदा.

म्हणून कुठलाही अहवाल काढण्याआधी मी 'इज नल' लावून क्वेरी चालवतो. किती ओळी सापडल्या तो आकडा पीएसक्यूएल उत्तराच्या तळाशी कंसात देते. तो आधी कार्यकर्त्यांना कळवायचा. कारण या माणसांचे गाव कुठल्याही क्वेरीने सापडणार नाही, कुणीतरी त्यांच्यापर्यंत जाऊन ते विचारायला हवे.