फुकटचा सूर्यास्त

आमच्या धाकटीला सध्या हिशेब लिहिण्याचा नाद लागला आहे. गेल्या मे महिन्यात आम्ही माथेरानला गेलो, तेव्हा तिने रेघा मारून एक वहीच तयार केली आणि रोज रात्री ती माझ्यासमोर घेऊन बसू लागली. नेरळपासूनचे भाडे, दस्तुरी नाक्यावरचा प्रवासीकर, चिक्की, घोड्यावरची एक फेरी, सारे तिच्या वहीत शिस्तीने उतरत होते. दुसऱ्या रात्री तिने विचारले, "बाबा, सूर्यास्ताचे किती लिहू?"

"फुकट!" मी मोठ्या ऐटीत सांगितले.

ऐट उगाच नव्हती. त्या दिवशी आम्ही एक पैही न खर्चता मनसोक्त आनंद लुटला होता. पहाटे पॅनोरमा पॉइंटवर उगवता सूर्य पाहिला. दुपारी शार्लोट तलावाच्या काठी, पिसारनाथाच्या देवळाजवळ बसून घरच्या दशम्या खाल्ल्या. जांभळीच्या गर्द सावलीत एक शेकरू या फांदीवरून त्या फांदीवर झेपावले, तेव्हा धाकटीने श्वास रोखून धरला. संध्याकाळी पॉर्क्युपाइन पॉइंटवर उभे राहिलो, तो समोरचा प्रबळगड हळूहळू काळवंडत गेला आणि आभाळ पेटून उठले. आणि या सगळ्यावर पसरलेली ती शांतता! मोटारीचा भोंगा नाही, धूर नाही. पायांखाली फक्त तांबडी माती.

पण 'फुकट' हा शब्द तोंडून गेला आणि मला सकाळची ती बाई आठवली. दस्तुरीवर आमची जड पेटी तिने डोक्यावर घेतली होती. पायथ्याच्या वाडीतून ती रोज चढून येते. तिने सांगितलेल्या मजुरीत मी घासाघीस केली होती आणि ती जिंकलीही होती. वाटेत मी सहज म्हणालो, "इथं मोटार नाही, हे किती छान!" ती न थांबता म्हणाली, "मोटार नाही म्हणून पोट भरतंय दादा, आन् मोटार नाही म्हणूनच मान दुखतीया."

म्हणजे जी शांतता मी फुकट म्हणून भोगत होतो, तिची किंमत दिली जात होतीच. फक्त ती माझ्या खिशातून जात नव्हती. 1850 साली ठाण्याचे कलेक्टर मॅलेटसाहेब या डोंगरावर आले आणि साहेबांना थंड हवेचे ठिकाण मिळाले. 1907 साली नेरळहून छोटी आगगाडी वर आली. मोटारीला मात्र दस्तुरीपुढे मज्जाव राहिला. म्हणून रान वाचले. पण भाजी, धान्य, गॅसची टाकी, पर्यटकांच्या पेट्या, हे सारे घोड्याच्या पाठीवरून, हातगाडीवरून नाहीतर माणसाच्या डोक्यावरून जात राहिले. माणूस माणसाला ओढून नेई अशी हातरिक्षा तर इथे पिढ्यान्‌पिढ्या चालली. 2025 साली सर्वोच्च न्यायालयाला ती सहा महिन्यांत बंद करा असे सांगावे लागले.

मग काय करावे? सूर्यास्त पाहायचाच नाही? तसे मला वाटत नाही. आनंद टाकून दिल्याने कोणाच्या डोक्यावरचे ओझे हलके होत नाही. घोटाळा आनंदात नाही, 'फुकट' या शब्दात आहे. विकत घेतलेल्या वस्तूचा एक फायदा असतो: पैसे टाकले की संबंध संपतो. चिक्कीवाल्याचे आणि माझे आता काही देणेघेणे नाही. फुकट मिळालेल्या गोष्टीचे तसे नसते. तिची पावती मिळत नाही, म्हणून तिचे देणे फिटले असे कधीच म्हणता येत नाही. आपल्या पूर्वजांनी देवऋण, ऋषिऋण, पितृऋण सांगितले, ते अशाच बिनपावतीच्या गोष्टींचे. आपण मात्र बिल आले नाही म्हणजे देणेच नाही असे समजतो आणि आयत्या बिळावर नागोबा होऊन बसतो.

आणखी एक गोष्ट त्या रात्री मनाला टोचली. चिक्कीच्या दुकानात मी पाटीवरचा भाव मुकाट्याने मोजला होता. घासाघीस केली ती तिच्याशी. ज्याच्यापाशी पाटी नाही, त्याच्याशीच आपण हिशेबाला इतके पक्के का होतो?

उतरण्याच्या दिवशी पेटी घ्यायला दुसरीच बाई आली. तिने मागितले ते मी दिले. त्यात मोठेपणा काही नव्हता, आणि पहिलीचे देणे त्याने फिटलेही नाही.

पण त्या रात्री धाकटी पेन्सिल धरून अजून वाट पाहत होती. "मग लिहू ना फुकट?"

"नको," मी म्हणालो. "तो रकाना मोकळा ठेव."

"म्हणजे द्यायचं राहिलंय?"

"हो," मी म्हणालो, "राहिलंय."